परत आणलेलं पुस्तक

“दोरी राहू द्या, नुसती पुस्तकं काढा,” इंगवले सर दारातूनच म्हणाले. “तक्ते अडकवायला दोरी लागंल.”

लोहारबाई दोरीवरून एकेक पुस्तक उतरवत होत्या आणि मी ते हातांवर घेत होते. पहिली-दुसरीचा तो वर्ग. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पोरांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर दोरी बांधलेली आणि तिच्यावर गोष्टींची पातळ पुस्तकं मधोमध उघडून पालथी घातलेली. आमच्याकडे याला पुस्तकांचं तोरण म्हणतात. तसं ते पुष्कळ शाळांत असायचं, पण पाहुणे यायच्या दिवशी बांधायचं आणि पाहुणे गेले की सोडायचं. लोहारबाईंचं बारा महिने बांधलेलं असे आणि त्यातलं एकही पुस्तक धड नव्हतं. कोपरे झिजलेले, पाठीला चिकटपट्टी, एका सशाच्या पोटावर तर कुणाच्या तरी तेलकट बोटांचे ठसे. बाईंनी ती वर्षानुवर्षं स्वतःच्या पगारातून, जत्रेतून, एसटी स्टँडवरच्या दुकानातून गोळा केलेली होती.

“यातलं वाईट कुठलंय सर?” बाईंनी विचारलं.

“मला काय माहिती? वाईट कुठलं ते कुणीच सांगितलेलं नाही. चांगली कुठली ते सांगणार आहेत.”

“कधी?”

“समिती बसल्यावर.”

“समिती बसंपर्यंत माझी पोरं चौथी पास होऊन जातील.”

सर हसले नाहीत. एरवी हसले असते. ते मुख्याध्यापक होते म्हणजे चौथीचा वर्ग घेऊन वर शाळेचे कागद सांभाळायचे. आम्ही तिघंच शिक्षक. शाळा माणदेशातल्या एका वस्तीची, चारी बाजूंनी माळ, मेंढरं आणि बाभळी. अशा ठिकाणी कायदा पोचायला वेळ लागतो असं वाटतं, पण तो पोस्टाच्याही आधी पोचला.

कायदा असा होता, की पाठ्यपुस्तकाखेरीज वर्गात किंवा शाळेच्या आवारात जे पुस्तक असेल, त्याला समितीची मंजुरी आणि शिक्का पाहिजे. बिनशिक्क्याचं पुस्तक सापडलं तर शाळेच्या जबाबदार शिक्षकावर कारवाई. कुठल्याशा शहरातल्या शाळेत एका पुस्तकातल्या चित्रावरून पालकांनी गोंधळ घातला होता, तिथून हे सुरू झालं म्हणे. ते चित्र कसलं होतं हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या वस्तीवरच्या पालकांची पुस्तकांबद्दल एकच तक्रार असायची, पोरगी वाचत बसते आणि शेळ्या दुसऱ्याच्या रानात जातात.

आता हा ‘जबाबदार शिक्षक’ कोण, तर मी.

शाळेत नवं काही काम आलं की ते सगळ्यांत धाकट्याच्या गळ्यात पडतं. जनगणना, खिचडीचा हिशेब, वजन-उंची, पोलिओ, सगळं. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो, ती रीतच आहे. पुस्तकांची जबाबदारी कुणाच्या नावावर टाकायची, असा तालुक्याहून फोन आला तेव्हा सरांनी सवयीनं ‘संजीवनी कोरे’ असं सांगून टाकलं. लोहारबाई म्हणाल्या होत्या, “सर, माझं घाला. पुस्तकं माझ्या वर्गात आहेत.” सर म्हणाले, “बाई, तुम्ही रिटायर व्हायला आलाय. कशाला शेवटी शेवटी नसती भानगड?” त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं. माझा विचार त्यांच्या मनात आला नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आला नाही.

मी तेव्हा शिक्षण सेवक होते. म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं, आणि त्या काळात एकही शेरा वाईट आला नाही तर कायम व्हायचं. वाईट आला तर नमस्कार. चौकशी नाही, सुनावणी नाही, घरी जायचं. माझी तीन वर्षं त्या जूनमध्ये भरत होती. उदगीरला आई आणि बारावीतली बहीण माझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या. वडील गेल्यापासून आमच्या घरात पुढच्या जूनपलीकडचं कुणी काही बोलतच नव्हतं. बहिणीचं कॉलेज, आईचं डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं ‘संजू कायम झाली की’.

“हमीपत्रावर सही करायची आहे तुम्हांला,” सर मला म्हणाले. “शाळेत बिनशिक्क्याचं एकही पुस्तक नाही म्हणून. शनिवारी थोरवेसाहेब येणारेत तपासायला. फोटोही काढणारेत मोबाइलवर.”

“मग ही ठेवायची कुठं?” मी हातांवरची चळत वर करून विचारलं.

“खिचडीच्या खोलीत—”

“ती आवारातच येती,” लोहारबाई म्हणाल्या. “आणि तिथं घुशी आहेत.”

“तुमच्या घरी न्या.”

“मी नेते कशाला? मला सगळी पाठ आहेत.” बाईंनी शेवटचं पुस्तक उतरवलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातांवर ठेवलं. “ज्यांची आहेत त्यांच्या घरी जातील.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या प्रत्येक पोराला एकेक पुस्तक वाटलं. ज्यांना घरी लहान भाऊ-बहीण होतं त्यांना दोन. मी तेव्हा दारातच उभी होते. बाई नेहमीचंच बोलल्या. घरी न्या, वाचा, आईला वाचून दाखवा, फाडू नका, मेंढराच्या तोंडाला लागंल असं ठेवू नका. पोरं आनंदानं चेकाळली. एरवी घरी न्यायला पुस्तक मिळायचं ते पाळीपाळीनं, आज सगळ्यांना एकदम. अक्षदा मदने नावाची दुसरीतली पोरगी होती, बापाबरोबर मेंढरांमागं निम्मं वर्ष हिंडणारी. त्या वर्षी तिच्या आजीनं तिला शाळेसाठी मागं ठेवून घेतलं होतं. तिनं पुस्तक फ्रॉकच्या आत पोटाशी धरलं आणि ती पळत सुटली.

शाळा पुस्तकांवाचून स्वच्छ झाली. मी हमीपत्रावर सही केली. सही करताना हात अडखळला नाही, कारण मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

शनिवारी सकाळची शाळा. कडाक्याची थंडी होती. कवायत उरकली तेवढ्यात थोरवेसाहेब मोटारसायकलवरून आले, कानाला मफलर, नाक लाल झालेलं. विस्तार अधिकारी म्हणजे आमच्या लेखी मोठा माणूस. पण गाडीवरून उतरताना त्यांनी कंबरेला हात लावला आणि “आई गं” म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. पोरं वर्गात बसवून आम्ही तिघंही ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे दोन कपाटं आणि एक टेबल.

“काल दिवसभर हेच,” साहेब चहा फुंकत म्हणाले. “एका शाळेत गुरुजींनी शब्दकोशसुद्धा घरी नेऊन ठेवला. म्हटलं, अहो, तो कशाला? म्हणाले, साहेब, त्यात सगळेच शब्द असतात.”

इंगवले सर हसले. साहेब हसले नाहीत. “हसण्यासारखं काही नाही सर. मीही पंधरा वर्षं वर्गावर होतो. आता मी शाळेत शिरलो की गुरुजी पुस्तकं दडवतात. अशी नोकरी झाली आहे.” त्यांनी माझं हमीपत्र वाचलं आणि खाली स्वतःची सही ठोकली. “कोरेबाई तुम्हीच ना? कायम व्हायच्या आहात? छान. चला, वर्गांचे फोटो काढतो आणि निघतो, पुढं अजून शाळा आहेत.”

चौथीचा वर्ग झाला. तिसरीचा, म्हणजे माझा, झाला. मग व्हरांड्यातून आम्ही पहिली-दुसरीच्या वर्गाकडं गेलो. इतका वेळ बाई वर्गात नव्हत्या आणि तरी आतून आवाज नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

साहेबांनी दार ढकललं.

दोरी पुस्तकांनी भरलेली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधोमध उघडून पालथी घातलेली. नेहमीपेक्षा जरा वाकडीतिकडी, कारण ती पोरांनी घातली होती. आणि पोरं हाताची घडी घालून ओळीत बसली होती, आता बाई शाबास म्हणतील म्हणून वाट बघत.

शनिवार होता. शनिवारी पुस्तक परत आणायचं आणि बदलून घ्यायचं, हा लोहारबाईंच्या वर्गाचा नेम होता. पाऊस असो, जत्रा असो, घरी बारसं असो. वर्गातलं कुठलंही पोर तो चुकवायचं नाही. बाईंनी पोरांना घरी न्या म्हणून सांगितलं, वाचा म्हणून सांगितलं, फाडू नका म्हणून सांगितलं. परत आणू नका हे सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सबंध नोकरीत ते वाक्य त्यांना कधी बोलावं लागलं नव्हतं.

लोहारबाईंनी तोंडाला पदर लावला. इंगवले सर भिंतीला टेकले.

“हे काय?” साहेबांनी विचारलं. ते चिडले नव्हते. दमलेल्या माणसाला अजून एक काम निघालं की होतं, तसं त्यांचं झालं. ते दोरीजवळ गेले, एक पुस्तक उचललं, मागं-पुढं बघितलं. शिक्का कुठला असणार? त्यांनी खिशातून माझं हमीपत्र काढलं आणि माझ्याकडं बघितलं.

“कोरेबाई, मी आत्ता यावर सही केली हो.”

माझ्या डोळ्यांपुढं आई उभी राहिली. चष्म्याच्या काचेला बोट लावून माझं पत्र वाचणारी.

“साहेब,” लोहारबाई पुढं झाल्या, “वर्ग माझा आहे. माझं नाव लिहा.”

“तसं लिहिता येत नाही बाई. जबाबदार शिक्षक एकच, ज्याची हमीपत्रावर सही त्याच्यावर कारवाई.”

“सही पोरीची असली म्हणून काय झालं? ती तर वर्गातही येत नाही माझ्या.”

“मला कळतंय. वर कुणाला कळणार? वरती कागद जातो.” साहेब खिडकीपाशी गेले, बाहेर बघत राहिले. मग त्यांनी परिपत्रकाची घडी उलगडली आणि चष्मा वर करून वाचायला लागले. मला वाटतं, ते खरोखरच मला सोडवायची वाट शोधत होते. आजही वाटतं. “हे बघा,” ते हळूच म्हणाले. “विद्यार्थ्यानं स्वतःचं पुस्तक दप्तरातून आणलं असेल, तर त्याला शिक्षक जबाबदार नाही. असं स्पष्ट आहे. पुस्तकं पोरांची स्वतःची आहेत का?”

मग साहेब पोरांकडं वळले. पहिल्या ओळीत अक्षदा बसली होती. तिच्यासमोर ते उकिडवे बसले. जुना मास्तर होता, पोरांशी उभ्यानं बोलायचं नाही हे त्याला माहीत होतं.

“काय नाव तुझं?”

“अक्षदा बिरू मदने.”

“अक्षदा, तू पुस्तक आणलंस आज?”

“व्हय.” तिनं उठून दोरीवरचं आपलं पुस्तक दाखवलं. तेच, तेलकट बोटांचं.

“कुणाचं आहे ते?”

“बाईंचं.”

“तुझं नाही?”

“न्हाय. बाईंचं हाय. त्यांनी वाचायला दिल्तं. माझं वाचून झालं, आजीलाबी वाचून दावलं.” ती लोहारबाईंकडं बघून हसली. “फाडलं न्हाय बाई.”

ती इतकी स्पष्ट, इतकी ठणठणीत बोलली की व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. दुसरीतली पोरगी परक्या साहेबाशी असं बोलली म्हणून एरवी आम्ही आठवडाभर तिचं कौतुक केलं असतं.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी मान हलवली. खिशातलं पेन काढलं.

मी पुढं झाले. “साहेब, ती बरोबर सांगतेय, पुस्तकं—”

“कोरेबाई,” लोहारबाई म्हणाल्या, “तुम्ही बोलू नका.”

तीन वर्षांत त्या माझ्याशी अशा आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. बाईंनी पदर खोचला. त्या अक्षदाकडं न बघता साहेबांकडं बघत बोलल्या.

“साहेब, पोरगी खोटं बोलतीय. ही पुस्तकं माझी नाहीत. ज्याची त्यानं घरून आणली आहेत.”

पोरांना कायदा कळत नव्हता, हमीपत्र कळत नव्हतं, मी कळत नव्हते. पण बाई काय म्हणाल्या ते सगळ्यांना कळलं. अक्षदाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल असं तिला वाटलं असणार. मग ते हळूहळू गेलं.

“काय गं?” साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणाचाच मला राग आला. “बाई काय म्हणताहेत? नीट आठवून सांग. कुणाचं पुस्तक?”

अक्षदानं बाईंकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. बाई भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याकडं बघत होत्या. पोरीनं खाली मान घातली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरायला लागली. कुणी तिला घाई केली नाही. साहेब थांबले, सर थांबले, बाई थांबल्या, मीही थांबले. सगळी मोठी माणसं एका सात वर्षांच्या पोरीसाठी थांबून राहिली होती.

“माझं हाय,” ती म्हणाली.

“मग मघाशी?”

“मघाशी खोटं बोलले.”

“असं खोटं बोलू नये,” साहेब म्हणाले. सवयीनं म्हणाले असतील. त्यांनी पुढच्या पोराला विचारलं, “तुझं पुस्तक कुणाचं?” ते पोरगं अक्षदाकडं बघून म्हणालं, “माझं.” त्याच्या पुढची म्हणाली, “माझं.” मग ओळच्या ओळ विचारायच्या आधीच बोलायला लागली. माझं, माझं, माझं. शेवटच्या कोपऱ्यातल्या एका पोराला तर पुस्तक मिळालंच नव्हतं, ते वाटपाच्या दिवशी आजारी होतं. तेही म्हणालं, “माझं.”

“चला, झालं,” साहेब म्हणाले. “आपापलं पुस्तक दप्तरात घाला बरं. आणि परत शाळेत आणायचं नाही हं कुणी.”

पोरांनी आपापली पुस्तकं उतरवली आणि दप्तरात घातली. साहेबांनी रिकाम्या दोरीचा फोटो काढला. गाडीला किक मारताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “घाबरू नका. तुमचं काही होत नाही. मी काही लिहिलेलं नाही.” मग म्हणाले, “लोहारबाईंना सांगा, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं.” त्यांना तेवढंच सांगता येण्यासारखं होतं.

मी परत वर्गाकडं गेले तेव्हा लोहारबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या वर्गात खुर्चीवर कधी बसायच्या नाहीत, पोरांत सतरंजीवर बसायच्या. मग अक्षदा उठली आणि खुर्चीपाशी गेली.

“बाई, मी बरोबर बोलले न्हवं आता?”

बाईंनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता त्या तिला जवळ घेतील, समजावून सांगतील. पण काय समजावणार होत्या? बाई खोटं बोलल्या आणि तू खरं बोललीस, म्हणून सांगायचं, तर मग का, हेही सांगावं लागलं असतं. आणि पोरगी वस्तीभर ते सांगत फिरली असती, कारण ती खरं बोलणारी पोर होती.

“व्हय बाळा,” बाई म्हणाल्या. “शाबास.”

अक्षदा जागेवर जाऊन बसली. तिला आता बरं वाटत होतं.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या होतो. मला रडू आवरत नव्हतं. बाई कोरड्या होत्या.

“रडू नको गं,” त्या म्हणाल्या. “तुझी नोकरी राहिली, बास झालं.”

“बाई, मी सांगत होते त्यांना—”

“सांगून काय झालं असतं? तू उदगीरला गेली असतीस आणि तुझ्या जागी दुसरी कोण तरी आली असती, तिनंही तसल्याच कागदावर सही केली असती.” त्यांनी वर्गाचं दार ओढून कडी घातली. “पोरगं खोटं बोललं की मी त्याला मारत नाही, माहितीय ना तुला? नुसती गप्प उभी राहते. त्याला वेळ देते. मग ते आपोआप खरं सांगतं. आज तिला मी तसाच वेळ दिला. खोटं बोलायला दिला. आणि जमलं की तिला लगेच. हुशार आहे पोरगी.”

एवढं बोलून त्या घरी गेल्या.

पुढं काय झालं ते सांगायला फार नाही. दर शनिवारी पोरं रिकाम्या हातांनी यायची. पुस्तकं घराघरांत राहिली, काही फाटली, काही चुलीत गेली असतील, काही मेंढरांबरोबर कोकणात उतरली असतील. समिती बसली की नाही ते मला माहीत नाही. तो कायदा नंतर मागं घेतला, की नुसता विसरला गेला, हेही नक्की कुणी सांगत नाही. एका वर्षी हमीपत्राचा कागद आला नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही, एवढंच. तोवर लोहारबाई निवृत्त झाल्या होत्या. शेवटपर्यंत त्यांनी नेटकं शिकवलं. पाठ्यपुस्तक उघडायचं, शिकवायचं, मिटायचं. तपासणीत त्यांच्या वर्गाला नेहमी चांगला शेरा मिळायचा.

माझी कायम झाल्याची ऑर्डर त्या जूनमध्येच आली. मी तालुक्याहून पेढे आणले आणि पहिला लोहारबाईंपुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

“मला कशाला?” त्या म्हणाल्या. “अक्षदाला दे.”

त्या रागानं म्हणाल्या नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. पेढा कुणाचा आहे एवढंच त्यांनी सांगितलं.

अक्षदा तेव्हा तिसरीत, माझ्याच वर्गात आली होती. मधल्या सुट्टीत मी तिला हापशापाशी गाठलं आणि तिच्या ओल्या हातावर पेढा ठेवला.

“कशाचा बाई?”

“मी कायम झाले त्याचा.”

“म्हंजी?”

“म्हणजे आता मला इथून कुणी काढणार नाही.”

तिनं पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात घातला, अर्धा मुठीत धरला. आजीसाठी असणार. चघळताना ती माझ्याकडं बघत होती. त्या पोरीची बघण्याची एक नवीन रीत झाली होती, मोठ्या माणसाचं बोलणं संपलं तरी ती त्याच्या तोंडाकडं थोडा वेळ बघत राहायची.

“म्हंजी तुमी आता हितंच ऱ्हाणार?”

“हो.”

“खरं?”

एवढा एकच शब्द. सहज विचारला. पण आधीच्या वर्षी तिनं असं कुणाला विचारलं नसतं. बाई म्हणाल्या म्हणजे तसंच, हे तिला तेव्हा माहीत होतं.

“खरं,” मी म्हणाले.

आमच्यात परजिल्ह्यातला प्रत्येक जण कायम झाला की पहिलं काम काय करतो, तर आपल्या जिल्ह्यात बदलीचा अर्ज. सगळे करतात, करायलाच पाहिजे, घरी आई-बाप असतात. माझ्या बरोबरीचे सगळे कधीच आपापल्या गावाकडं पोचले. मला आई फोनवर विचारायची, संजू, औंदा भरलास का फॉर्म. मी म्हणायची, भरते. शेवटी ती इथं माझ्याकडं राहायला आली आणि इथल्या पाण्याला नावं ठेवत इथंच गेली. बहिणीला अजून वाटतं, माझं इथं कुणाशी तरी काही होतं. लोकांना खरं कारण सांगायची मला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. एका पोरीला हापशापाशी ‘खरं’ म्हणाले होते, आणि निदान तेवढं तरी खोटं ठरू नये असं वाटलं.

अक्षदा लग्न होऊन कधीच बारामतीकडं गेली. मी इथंच आहे.